सभास्थानाची जागा : ठाणे व वागळे इस्टेट यांच्या इतिहासातील एक प्रश्न

१

एखाद्या लहान नगराने आपले सार्वजनिक सभागृह कोठे बांधावे, हा प्रश्न वरवर पाहता अभियंत्याच्या कक्षेतील वाटतो. मोकळी जमीन, तिची किंमत, तिच्यापर्यंत जाणारा रस्ता, पाण्याचा निचरा एवढ्या गोष्टी पाहिल्या म्हणजे निर्णय झाला, अशी सामान्य समजूत असते. परंतु नगरांच्या इतिहासाकडे पाहिले असता असे दिसून येते की, सभास्थानाची जागा ठरविताना ‘नगर म्हणजे कोण’ याचाही निर्णय होत असतो. जो तेथे सहज चालत येऊ शकतो तो नगराचा घटक ठरतो आणि ज्याला येता येत नाही, तो करदाता असूनही पाहुणा राहतो. ठाणे शहर, त्याच्या पश्चिमेस वाढलेली वागळे इस्टेट आणि शेजारची कल्याण-डोंबिवली यांचा या दृष्टीने विचार करणे, हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

या प्रश्नाला मराठी समाजाने पूर्वी दिलेली उत्तरे भाषेत साठवलेली आहेत. गावाच्या एकत्र येण्याच्या जागांना मराठीत चावडी, पार, सभामंडप आणि चव्हाटा असे निरनिराळे शब्द आहेत, आणि त्यांपैकी कोणताही दुसऱ्याचा पर्याय नाही. चावडी हा शब्द कन्नड, तेलुगू व तमिळ भाषांतही आढळतो. महाराष्ट्रात तो मुख्यतः पाटील-कुलकर्ण्यांच्या कामकाजाची जागा दाखवितो. तेथे सारा भरावयाचा, हुकूम ऐकावयाचा, पंचांपुढे उभे राहावयाचे. पार हा झाडाभोवतीचा बांधीव ओटा. तेथे कामकाज नसते, वेळ घालविणे असते. सभामंडप देवळाचा, म्हणून कीर्तन-पुराणाचा. चव्हाटा म्हणजे चार वाटा एकत्र येतात ती जागा. तेथे कोणी मुद्दाम जात नाही, परंतु प्रत्येकाला तेथून जावे लागते. ‘गोष्ट चव्हाट्यावर आणणे’ या वाक्प्रचाराचा अर्थ ती सर्वांना कळेल असे करणे हा आहे, तो यामुळेच. चावडीवर आणलेली गोष्ट अधिकाऱ्याला कळते, चव्हाट्यावर आणलेली गोष्ट गावाला कळते, हा भेद भाषेने नेमका टिपला आहे.

या चारही जागांना मर्यादा होत्या. देवळाच्या सभामंडपात व चावडीच्या ओट्यावर अस्पृश्य मानलेल्या जातींना बसण्याचा अधिकार नव्हता. स्त्रियांना सभामंडप खुला असला, तरी पार व चावडी या जागा बहुधा पुरुषांच्याच होत्या. म्हणजे गावाच्या मध्यभागी असलेली जागा सर्व गावाची असतेच असे नाही. मध्य हा नकाशावरचा बिंदू आहे, तर सार्वजनिकता हा अधिकाराचा प्रश्न आहे, आणि या दोहोंची गल्लत या विषयावरील चर्चेत वारंवार होते.

२

‘सार्वजनिक’ हा शब्द मराठी लोकव्यवहारात रुळला, तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. पुण्याची सार्वजनिक सभा १८७० मध्ये स्थापन झाली आणि १८९३ पासून गणेशोत्सवाला हेच विशेषण लागले. परंतु या विशेषणात नेमके कोण सामावतात, हा वाद त्यानंतरही चालू राहिला. त्या वादाला कायदेमंडळात स्पष्ट रूप मिळाले ते ४ ऑगस्ट १९२३ रोजी. सी. के. बोले यांचा या दिवशी मुंबई कायदेमंडळाने संमत केलेला ठराव असे सांगतो की, सार्वजनिक निधीतून बांधलेली वा चालविलेली पाणवठे, धर्मशाळा, शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. महाड नगरपालिकेने त्याला अनुसरून १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला, परंतु प्रत्यक्षात तळे बंदच राहिले. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी आपल्या अनुयायांसह त्या तळ्याचे पाणी घेतले, तेव्हा ठराव आणि व्यवहार यांतील अंतर सर्वांसमोर आले. सभास्थानाच्या इतिहासात या घटनेचे महत्त्व असे की, ‘सार्वजनिक पैसा, म्हणून सार्वजनिक प्रवेश’ हे तत्त्व तेथे प्रत्यक्ष कृतीतून मांडले गेले.

स्वातंत्र्यानंतर २ ऑक्टोबर १९५२ रोजी समूहविकास योजना सुरू झाली. त्यानंतरच्या काळात ‘समाजमंदिर’ हा शब्द शासकीय मराठीत स्थिरावला. या शब्दाची दोन्ही अंगे लक्षात घेण्यासारखी आहेत. संस्कृतात मंदिर म्हणजे घर, निवासस्थान. मराठीत त्याचा अर्थ देवालयापुरता संकुचित झाला, आणि पुढे विद्यामंदिर, नाट्यमंदिर, कलामंदिर अशा समासांतून तो पुन्हा विस्तारला. ‘समाज’ या शब्दाचा प्रवास याहून विलक्षण आहे. अशोकाच्या पहिल्या शिलालेखात समाज म्हणजे लोकांचा उत्सवी मेळावा, आणि त्या लेखात असे मेळावे भरविण्यास प्रतिबंध केलेला आहे. आधुनिक मराठीत हा शब्द सर्व लोकसमूहाचा वाचक झाला, पण त्याच वेळी ‘आमचा समाज’ असे म्हणताना तो जातीचाही वाचक राहिला. या दुहेरी अर्थाचा परिणाम इमारतींवर झाला. अनेक गावांत शासकीय निधीतून समाजमंदिर बांधले गेले ते एखाद्या वस्तीत, त्या वस्तीपुरते. वस्तीला स्वतःचे हक्काचे छप्पर मिळाले, हा लाभ मोठा होता. देवळाचा मंडप ज्यांना बंद होता, त्यांना ग्रंथ, सभा व विवाह यांसाठी प्रथमच जागा मिळाली. परंतु सर्व गावाने एका छपराखाली बसावे, हा मूळ हेतू त्यामुळे मागे पडला. शब्द ‘समूहा’चा वापरला गेला आणि जागा ‘समाजा’ची निवडली गेली, असे म्हणावयास हरकत नाही.

३

ठाण्याचे प्राचीन नाव श्रीस्थानक. शिलाहारांच्या काळात ते राजधानीचे नगर होते. या नगराचा मध्य कोणता, या प्रश्नाचे उत्तर कित्येक शतके एकच होते : मासुंदा तलाव. तलावाच्या परिसरात कौपिनेश्वराचे मंदिर आहे. त्याची सध्याची वास्तू अठराव्या शतकात, मराठ्यांच्या अमलात, सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी उभारली. त्याच परिसरात सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च आहे, आणि जांभळी नाक्याचा बाजारही तेथेच आहे. ठाण्याचा किल्ला पोर्तुगीजांनी उभारला, तो १७३७ मध्ये मराठ्यांनी व १७७४ मध्ये इंग्रजांनी घेतला आणि पुढे तो तुरुंग झाला. राज्यकर्ते बदलले, किल्ल्याचा उपयोग बदलला, परंतु लोकांच्या एकत्र येण्याची जागा मात्र पाण्याच्या काठीच राहिली. पाणी ही कोणा एका जातीची वा धर्माची मालमत्ता नसावी, ही अपेक्षा व्यवहारात नेहमी पाळली गेली नाही, हे महाडच्या उदाहरणावरून स्पष्ट आहे. तथापि काठावरचा मोकळा रस्ता हा मंडपाहून अधिक लोकांचा असतो, हेही खरे.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली आगगाडी ठाण्यास पोहोचली आणि शहराला दुसरे केंद्र मिळाले. १८६३ मध्ये नगरपालिका स्थापन झाली. १८९३ मध्ये विनायक लक्ष्मण भावे व त्यांचे सहकारी यांनी मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन केले. मराठी ग्रंथांचा संग्रह करणारी ही संस्था ठाण्याच्या सार्वजनिक जीवनाचे पहिले बंदिस्त घर म्हणता येईल. त्या पिढीच्या दृष्टीने सार्वजनिक इमारत म्हणजे प्रथम वाचनालय होते, हे कल्याणच्या उदाहरणावरूनही दिसते. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे आहे. मोठ्या सभेसाठी मात्र मंडपच घालावा लागे. १९६० मध्ये रा. श्री. जोग यांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन ठाण्यास भरले, तेव्हा शहरात मोठे नाट्यगृह नव्हते.

ती उणीव भरून निघाली १९७८ मध्ये, राम गणेश गडकरी रंगायतनामुळे. नगरपालिकेने हे नाट्यगृह बांधले ते मासुंदा तलावाच्या काठी. या निवडीची कारणमीमांसा करणे उपयुक्त ठरेल. स्टेशनावरून चालत तेथे पोहोचता येते. नाटक संपल्यावर शेवटची गाडी पकडणारा मुलुंडचा वा कळव्याचा प्रेक्षक, एकटी परतणारी नोकरदार स्त्री, दोन आण्यांची बचत करणारा विद्यार्थी, या सर्वांना ती जागा सोयीची होती. ती कोणाला शोधावी लागत नव्हती, कारण शहर तिला आधीपासून ओळखत होते. देऊळ, चर्च व बाजार यांच्या शेजारी असूनही ती कोणत्याही एका समूहाची नव्हती. नावातही हा विचार उमटलेला दिसतो. ‘आयतन’ म्हणजे आश्रयस्थान. देवायतन, पंचायतन या शब्दांतील धार्मिक छटा ठेवून तो शब्द रंगभूमीला जोडला गेला.

या निवडीची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. तलावांचे शहर म्हणून ज्याची ख्याती, त्या ठाण्यात एकेकाळी साठाहून अधिक तलाव होते असे सांगतात, आणि त्यांपैकी बरेच बुजले. नगराच्या मध्यात मोकळी जमीन उरत नाही, तेव्हा नव्या सार्वजनिक वास्तूची नजर जुन्या सार्वजनिक वस्तूकडे, म्हणजे तलावाकडे, मैदानाकडे वळते. एका सामायिक मालमत्तेसाठी दुसरी सामायिक मालमत्ता खर्ची पडावी काय, हा प्रश्न या प्रसंगी अटळ होतो. १९१४ मध्ये भारतात आलेले आणि १९१९ पासून मुंबई विद्यापीठात नागरशास्त्र व समाजशास्त्र शिकविणारे पॅट्रिक गेडिस यांनी आपल्या नगरविषयक अहवालांत तलाव बुजविण्याच्या प्रवृत्तीला सातत्याने विरोध केला होता. आधी नगराची पाहणी, मग निदान, आणि नंतरच उपचार, हा त्यांचा क्रम होता. रंगायतनाच्या बाबतीत काठ गेला, पण तो काठ लोकांच्या पायाखालीच राहिला, असे त्याच्या बाजूने म्हणता येईल. संध्याकाळी तलावपाळीवर येणारी गर्दी आणि नाटकाची गर्दी एकमेकींत मिसळतात, आणि हेच या जागेचे यश होय. नूतनीकरणानंतर २०२५ मध्ये हे नाट्यगृह पुन्हा खुले झाले, तेव्हाही त्याची जागा बदलावी असे कोणास वाटले नाही.

४

वागळे इस्टेटीचा इतिहास याच्या उलट टोकाचा आहे. बोरकर समितीच्या शिफारशींनंतर १ ऑक्टोबर १९६० रोजी औद्योगिक विकास मंडळ नेमले गेले आणि शं. ल. किर्लोस्कर त्याचे अध्यक्ष झाले. त्यातून १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचा जन्म झाला. त्या प्रसंगीचा छोटासा समारंभ मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या अध्यक्षतेखाली झाला, तो वागळे इस्टेटीतच. महाराष्ट्राच्या औद्योगिक विकेंद्रीकरणाची सुरुवात ज्या भूमीवर झाली, ती ही.

नावापासूनच या वसाहतीचे वेगळेपण जाणवते. मराठी घरात ‘इस्टेट’ म्हणजे वडिलोपार्जित मालमत्ता, जिच्यावरून भावाभावांत दावे चालतात. येथे मात्र इस्टेट म्हणजे जेथे कोणाचेच वाडवडील राहिले नव्हते अशी जागा. येथील रस्त्यांना नावे नव्हती, क्रमांक होते. सोळा नंबर, बावीस नंबर हे पत्ते आजही रिक्षावाल्यास तेवढ्यानेच कळतात. ठाण्याच्या जुन्या भागात आळी, पाडा व पाखाडी हे शब्द आहेत. आळी म्हटली की राहणारे आले. क्रमांकाच्या रस्त्यावर फक्त भूखंड असतो. औद्योगिक वसाहतीच्या आराखड्याचे एकक कारखान्याचा भूखंड हे होते आणि ते त्या काळाच्या गरजेस धरून होते. रोजगार, वीज, पाणी व रस्ते ही निकड होती. परंतु कामगार हा पाळी संपल्यावरही माणूस असतो, तो कोठेतरी राहतो, आणि त्याला चार माणसांत बसावेसे वाटते. ही वस्ती इस्टेटीच्या आत नव्हे, तर तिच्या कडेने वाढली. किसननगर, श्रीनगर, इंदिरानगर, लोकमान्यनगर, सावरकरनगर, हाजुरी ही नावे त्याची साक्ष देतात. कारखाना नियोजनातून आला आणि घर नियोजनाबाहेर उभे राहिले. अशा स्थितीत सभास्थान कोणी व कोठे बांधावयाचे, हा प्रश्न कोणाच्याच कागदावर नव्हता.

कामगारांच्या सभास्थानाविषयी महाराष्ट्राला अनुभव नव्हता असे नाही. मुंबईच्या गिरणगावात सोशल सर्व्हिस लीगने परळ येथे १९२२ मध्ये दामोदर हॉल उभारला. १९११ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचे प्रवर्तक ना. म. जोशी होते. तो हॉल चाळींच्या मधोमध होता आणि कामगार रंगभूमी तेथे वाढली. ही वास्तू अलीकडे पुनर्बांधणीसाठी पाडण्यात आली, तेव्हा कलावंतांनी आवाज उठविला, यावरून त्या जागेशी असलेला जिव्हाळा कळतो. पुढे १९५३ च्या मुंबई कामगार कल्याण निधी अधिनियमानुसार मंडळ स्थापन झाले आणि राज्यभर कामगार कल्याण केंद्रे निघाली. या सर्व प्रयत्नांतून निघणारा धडा एकच होता. कामगाराचे सभास्थान कारखान्याच्या दारात नव्हे, तर त्याच्या घराच्या वाटेवर असावे. कारखान्याच्या दारातील केंद्रात फक्त कामगार येतो. वस्तीतील केंद्रात त्याची बायको शिवणवर्गाला येते, मुलगा वाचनालयात येतो आणि निवृत्त बाप वर्तमानपत्र वाचावयास येतो.

वागळे इस्टेटीत ही उणीव लोकांनी आपल्या पद्धतीने भरून काढली. त्यासाठी त्यांनी जो शब्द व जी जागा वापरली, ती म्हणजे नाका. नाका हे मुळात जकात वा टोल घेण्याचे ठिकाण, म्हणजे माणसाला अडविण्याची जागा. ठाण्यात टेंभी नाका, जांभळी नाका, तीन हात नाका अशी नावे पदोपदी आढळतात, आणि इस्टेटीच्या दक्षिणेस मुलुंडचा चेक नाका आहे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर मुंबईची जकात बंद झाली. जकात गेली, नाका राहिला. कारण तोपर्यंत अडविण्याची जागा ही थांबण्याची जागा झाली होती. सकाळी रोजंदारीवरचे गवंडी-बिगारी नाक्यावर उभे राहतात, संध्याकाळी तरुण तेथेच जमतात. राजकीय पक्षाची शाखा, गणेशोत्सव मंडळाची कचेरी, फलकावर लिहिलेली रोजची बातमी ही सर्व नाक्याच्याच आसऱ्याने उभी राहिली. १९६७ मध्ये ठाणे नगरपालिकेत शिवसेनेला पहिले मोठे यश मिळाले, त्यानंतर शाखा ही या भागातील सर्वांत सुलभ सार्वजनिक खोली झाली. नळाची तक्रार, रुग्णालयातील दाखला, नवरा-बायकोचे भांडण हे सर्व तेथे येई. जुन्या चावडीचे काम नव्या चव्हाट्यावर होऊ लागले, असे याचे वर्णन करता येईल.

ही व्यवस्था जिवंत होती यात शंका नाही. परंतु तिच्या मर्यादाही चावडीच्याच होत्या. पक्षाच्या खोलीत त्या पक्षाचा नसलेला माणूस संकोचाने जातो, आणि रात्री नाक्यावर उभे राहणे स्त्रीला शक्य होत नाही. लोक जमले म्हणजे सार्वजनिक स्थान झाले, असे म्हणता येत नाही. ज्याला कोणाचे उपकार न मानता आत जाता येते आणि विरोधी मत मांडून बाहेर पडता येते, तेच सार्वजनिक स्थान होय.

५

कल्याण व डोंबिवली यांच्या तुलनेने हा मुद्दा अधिक स्पष्ट होईल. कल्याणचे आचार्य अत्रे रंगमंदिर शंकरराव चौकात, जुन्या शहरात व महापालिकेच्या कचेरीजवळ आहे. १८६४ चे वाचनालय व १९२६ चा गायन समाज यांनी घडविलेल्या श्रोतृवर्गास ते परके वाटले नाही. डोंबिवलीचे सावित्रीबाई फुले कलामंदिर मात्र घरडा सर्कलजवळ, औद्योगिक भागाच्या दिशेने आहे. तेथे जमीन होती, म्हणून वास्तू तेथे गेली. स्टेशनावरून तेथे जावयाचे तर बहुतेकांना वाहन करावे लागते. या काळात डोंबिवलीकरांची स्वतःची सभा दुसरीकडेच भरत राहिली. १९२४ पासूनचे गणेशमंदिर आणि त्याच्या समोरचा फडके रोड हे त्या नगराचे खरे केंद्र आहे. दिवाळीच्या पहाटे हजारो तरुण-तरुणी नवे कपडे घालून तेथे केवळ एकमेकांना भेटावयास येतात. तेथे तिकीट नाही, व्यासपीठ नाही, आमंत्रणही नाही. ती जागा कोणी ठरविली नाही, वाटांनी ठरविली.

यावरून दोन नियम निघतात. इमारत जेथे जमीन मिळते तेथे जाते, आणि माणसे जेथे जाण्याची त्यांना सवय आहे तेथे जातात. या दोन नियमांची भेट घडवून आणणे हे नियोजनाचे काम आहे. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाने त्यासाठी साधन दिले आहे. विकास आराखड्यात सार्वजनिक प्रयोजनासाठी जमीन आरक्षित करता येते, आणि आराखडा अंतिम होण्यापूर्वी नागरिकांच्या हरकती व सूचना मागविल्या जातात. परंतु त्याच कायद्याच्या १२७ व्या कलमानुसार, दहा वर्षांत ती जमीन संपादन न झाल्यास मालक सूचना देऊ शकतो आणि विहित मुदतीत कारवाई न झाल्यास आरक्षण संपुष्टात येते. म्हणजे नगराला आपली सभेची जागा मिळवावयाची असेल, तर तिची केवळ इच्छा पुरत नाही. ती वेळेवर मागावी लागते, आणि मागणारे लोक आधी कोठेतरी एकत्र यावे लागतात. सभास्थान नसलेल्या वस्तीला सभास्थान मागण्यासाठी बसावयास जागा नसते, ही या प्रश्नातील खरी अडचण आहे.

वागळे इस्टेटीतील अनेक कारखाने विसाव्या शतकाच्या अखेरीस बंद पडले आणि त्यांच्या भूखंडांवर संगणक-उद्योगांच्या व इतर कचेऱ्यांच्या इमारती उभ्या राहिल्या. भूखंडाचा उपयोग बदलणे शक्य आहे, हे यातून सिद्ध झाले. मग तो बदल केवळ एका दिशेने का व्हावा, असा प्रश्न विचारणे न्याय्य ठरते. सभागृहासाठी भूखंड निवडताना चार कसोट्या इतिहासाने पुरविल्या आहेत. तेथे वस्तीतून चालत येता यावे. रात्री नऊनंतर स्त्रीला एकटीने परतता यावे. तेथे प्रवेश करण्यासाठी जात, पक्ष वा मालक यांपैकी कोणाची ओळख लागू नये. आणि त्यासाठी तलाव वा मैदान यांसारखी दुसरी सामायिक वस्तू शक्यतो खर्ची पडू नये. गडकरी रंगायतन पहिल्या तीन कसोट्यांस उतरते व चौथीपाशी अडखळते. डोंबिवलीचे कलामंदिर चौथीस उतरते व पहिलीपाशी अडते. नाका पहिलीस उतरतो, दुसरीस मुळीच नाही.

बंद कारखान्याचा भूखंड, जर तो इस्टेट व किसननगर-श्रीनगरसारख्या वस्त्या यांच्या सीमेवर असेल, तर या चारही कसोट्यांस उतरू शकतो. ज्या वाटेने दोन पिढ्या डबा घेऊन कामावर गेल्या, त्याच वाटेवर तो असेल. त्या वाटेला आजवर क्रमांकच आहे. त्यावर सर्वांच्या बसण्याची एक जागा झाली, तर तिला नाव मिळण्यास फार काळ लागणार नाही.